ते पाणी माझं नव्हे!

...आणि वर मलाच विचारतात हो, "ताई, आज पुन्हा पाणी सोडलंत का?" सोडलंत! जसं काही मी मांजर पाळलंय आणि सकाळी दार उघडून त्याला बाहेर सोडते! नाही, तुम्हीच सांगा, लॉण्ड्री चालवणं हा गुन्हा आहे का? अठ्ठावीस वर्षं झाली, या इमारतीच्या तळघरात, सात पायऱ्या खाली, दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि त्या टेबलामागे आमचे हे. वर सगळी दुकानं, ऑफिसं. आणि इमारतीत कुठेही, कुठेही हं, थेंबभर पाणी दिसलं की सगळ्यांच्या माना वळतात त्या तळघराकडे! लिफ्टसमोर कुणाची छत्री गळली... पाणी कुणाचं? लॉण्ड्रीचं! तिसऱ्या मजल्यावर विमावाल्यांची फुलदाणी कलंडली... अहो, तिसऱ्या मजल्यावर! माझं पाणी काय जिना चढून गेलं? लिफ्टनं गेलं? पण नाही. पाणी कुणाचं? लॉण्ड्रीचं! मला अक्षरशः पाण्यात पाहतात हो ही माणसं!

बरं, आमच्या ह्यांनी तरी बाजू घ्यावी? इस्त्रीवरची नजर न हलवता म्हणतात, "असेल आपलंच." असेल आपलंच! माणूस आहे की गाळणं, काही अडतच नाही ह्यांच्यात!

तर झालं काय, गेल्या वर्षी रस्त्यावरची गटारं तुंबली आणि ते घाणेरडं पाणी उलटं पाइपातून आमच्या इमारतीत शिरलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर रबरी शिक्के बनवतात, त्यामुळे बोलतातही शिक्का मारल्यासारखं. "पूर! रोखायचा! झडप! बसवायची!" आता झडप म्हणजे काय, तर पाइपातलं एकतर्फी दार. आतलं सांडपाणी बाहेर जाऊ द्यायचं, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. मला तर कल्पना इतकी आवडली, म्हटलं आमच्या नणंदेसाठी घरी पण एक बसवावी. प्लंबर आला, अध्यक्ष स्वतः कमरेवर हात ठेवून उभे राहिले, झडप बसली, वर झाकण ठेवलं, टाळ्या वाजल्या.

आणि दुसऱ्या दिवशी... आभाळात ढगाचा तुकडा नाही हो... बरोबर अकरा वाजता माझ्या तळघरातल्या मोरीच्या जाळीतून आवाज, गुडगुड... गुडगुड... आणि आलं की पाणी वर! संडासाची लाइन वेगळी आहे ही देवाचीच कृपा, पण बाकी सगळ्या बेसिनांचं, सिंकांचं काळंकुट्ट पाणी माझ्या घोट्यापर्यंत! रोज! दोन महिने! बादल्यांनी उपसून उपसून हात गेले! मी गेले अध्यक्षांकडे. तर ते मला समजावतात, "हे बघा ताई, बाहेरचं पाणी आत येऊ शकत नाही, व्यवस्था केलेली आहे. म्हणजे हे आतलं. आतलं म्हणजे पाणी कुणाचं?" आणि पुढे गप्प! उत्तर मी द्यायचं! चोर तो चोर, वर शिरजोर!

आणि मग नोटीस आली. जांभळ्या शाईचा टपोरा शिक्का मारलेली. "लॉण्ड्रीच्या पाण्यामुळे इमारतीस धोका. महिनाअखेर जागा सोडावी." महिनाअखेर! म्हणजे अकरा दिवस! खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. ती मशीन जमिनीला बोल्ट मारून बसवलीत, ती कुठे नेऊ? या वयात नवं गिऱ्हाईक कुठून आणू? दोन पोरांची शिक्षणं या सात पायऱ्यांखाली झालीत हो. मी नोटीस ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी वाचली, नीट घडी घातली, सवयीनं तिच्यावर इस्त्री फिरवली आणि म्हणाले, "असेल आपलंच."

तेव्हा मात्र म्हटलं, बस्स! डोक्यावरून पाणी गेलं! अहो, अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे डाग ओळखते. शर्ट हातात आला की माणूस काय जेवला, कुणाशी भांडला, पेन कुठल्या खिशात फुटलं, सगळं सांगते. मला पाणी ओळखता येणार नाही? दुसऱ्या दिवशी अकराला मशीन बंद ठेवली, पाणी आलं तशी एक पांढरी चादर घेतली, बादली-बादलीनं ते पाणी तिच्यातून गाळलं, आणि चादर इस्त्रीच्या टेबलावर पसरून अख्ख्या कमिटीला खाली बोलावलं.

"या," म्हटलं. "हे लालसर केस कुणाचे? माझ्या मशीनला केस रंगवायची हौस नाही!" दुसऱ्या मजल्यावरची पार्लरवाली छताकडे बघायला लागली. "ही गुलाबी पूड? दातांचे साचे घेता ना, डॉक्टर?" डॉक्टरांनी स्वतःचेच दात घट्ट मिटले. "ही चहाची पावडर, विमावाले, दिवसातून पाच वेळा! आणि माझ्या पाण्यात काय असतं? फेस! दिसतोय इथे फेस? आणि अध्यक्षमहाराज, हा जांभळा डाग..." नोटीस काढली, शिक्का त्या डागाशेजारी धरला. रंगाला रंग! कोण किती पाण्यात आहे ते त्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं!

लगेच प्लंबरला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाला, "झडपेवरचा बाण इमारतीकडे आहे." अध्यक्ष ताठ झाले, "असणारच! मीच उभं राहून बसवून घेतलाय! संरक्षण इमारतीचं, मग बाण इमारतीकडेच हवा!" प्लंबर म्हणतो, "साहेब, बाण पाणी जायच्या दिशेनं लावतात. मी तेव्हाच म्हणत होतो, तर तुम्ही म्हणालात, तू हात चालव, डोकं मी चालवतो." म्हणजे लक्षात आलं का? दोन महिने आम्ही रस्त्यावरच्या गटाराचं आमच्या पाण्यापासून संरक्षण करत होतो!

झडप फिरवली. नोटीस फाडली. आणि तेव्हापासून माझा काय तो मान! पार्लरवाली जिन्यात वाट सोडते, डॉक्टर हसून दात दाखवतात, आणि कुठे ओल दिसली की आधी निरोप माझ्याकडे, "ताई, जरा येऊन बघता का, पाणी कुणाचं?" मी वाकायचं, बोट लावायचं, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा.

आणि काल... काल हो, दुपारी धो धो पाऊस. रस्ता नदीसारखा. पण इमारतीत बाहेरचा थेंब नाही! वर सगळे एकमेकांचं अभिनंदन करतायत, मी खुशीत दोन्ही मशीन गच्च भरून लावली... आणि जाळीतून, गुडगुड! बघता बघता पाणी घोट्याला! अध्यक्ष वरच्या पायरीवरून, चपला हातात घेऊन, एकदम अदबीनं, "ताई, आता हे कुणाचं? तुम्ही सांगाल तो शेवटचा शब्द!"

मी वाकले. बघितलं... फेस! पांढराशुभ्र, सुगंधी, माझ्याच पावडरीचा! आणि मग आठवलं, प्लंबर जाताना सांगून गेला होता, बाहेर पाणी चढलं की झडप मिटणार, मग आतलंही बाहेर जाणार नाही, तेवढा वेळ मशीन लावू नका. मी मानाच्या भरात "हो हो" म्हटलं होतं. आता कसं सांगू? तोंड उघडणार, एवढ्यात मागून आमचे हे, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा इस्त्री खाली ठेवून, छाती पुढे काढून गरजले, "आमचं नाही!"

आता तुम्हीच सांगा, माणूस एवढ्या वर्षांनी बायकोच्या बाजूनं उभा राहिला, त्याला त्याच पाण्यात बुडवू? पदर खोचला, पोतेरं उचललं आणि म्हटलं, "अध्यक्ष, पाणी कुणाचं का असेना... पुसायचं मलाच आहे!"