बाटलीतला रंग

खोटं खपलं असतं, तर पुतळाबाईला नव्या औषधाच्या गोळ्या पुढंही मिळाल्या असत्या. क्षयाच्या वॉर्डाबाहेर मी शेजारच्याच बाकावर होतो. या औषधाची रुग्णांवर चाचणी चालली होती; तिचं काम बघणाऱ्या मैमुनाबाईंनी तिच्या लघवीची बाटली उजेडात धरली.

“गोळ्या रोज घेता?”

“व्हय की.”

“या गोळीनं लघवी लाल होते, मावशी. तुमची पिवळीच आहे.”

“दुष्काळात रंग कुठनं आणू, बाई?”

“गोळ्या कुणाला दिल्या?”

“...सुनंला. तिलाबी हाच रोग. तुमीच परत धाडली.”

“पोटुशी आहे म्हणून. पोराला काय होईल, डॉक्टरांनाही ठाऊक नाही.”

“अन् ती खोकून मेली, तर पोराला काय हुईल?”

“चाचणीतून तुमचं नाव काढावं लागेल.”

“काढा. तिचं लिवा.”

“नाही लिहिता येत, मावशी.”

काट बसली एकीच्या नावावर. गोळ्या बंद झाल्या दोघींच्या.