पावलं कमी भरली की

गुडघ्यांच्या व्यायामासाठी आलेल्या दोन आजी दवाखान्यात माझ्या समोर बसल्या होत्या. एकीने दोन स्वेटर घातले होते, दुसरीने शाल पांघरली होती. शालवाल्या आजींनीच सुरुवात केली.

“एवढ्या थंडीत चालायला जाता तुम्ही?”

“जाते कसली! घरातच फेऱ्या मारते. भिंतीला हात लावायचा आणि परत फिरायचं. कंटाळा येतो हो.”

“आणि हे मनगटावर काय?”

“पावलं मोजतं ते. लेकीने पाठवलंय. मी किती चालले, ते तिला तिकडे फोनवर दिसतं.”

“काळजी आहे हो पोरीला.”

“आहे ना. पावलं कमी भरली की संध्याकाळी लगेच फोन. ‘आई, बरी आहेस ना? पडलीबिडली नाहीस ना?’ चांगली अर्धा अर्धा तास बोलते.”

“आणि भरली की?”

“अंगठा पाठवते.”

“मग या आठवड्यात?”

“रोज भरली. सात अंगठे आले.”

“अगंबाई.”

व्यायाम घेणारी मुलगी दारातून डोकावली.

“स्वेटरवाल्या आजी, चला. आज जिना चढायचाय.”

“यांना घे गं आधी. मी आज जरा बसते.”