बरी झालेली बाई

नाही, चहा नाही टाकणार मी. राग मानू नका — किंवा माना, पण चहा टाकला की तुम्ही निवांत होणार, निवांत झालात की बोलणार, आणि तुम्ही बोललात की मी पायात चपला सरकवून तुमच्या गाडीत बसलेली असणार, हे मला आता पाठ झालंय. बसलात ते बसलात, आता उठा असं कुठल्या तोंडाने म्हणू, माझे मिस्टर तुमच्या हाताखाली आहेत — पण जरा ती टोपी काढा हो खालून, तुम्ही तिच्यावरच बसलायत. पोरीची आहे. आज आम्ही तलावावर चाललोय, बोटीत बसायला. हो, आजच. आत्ताच. उजेड कमी झाला की बोटी बांधून टाकतात, म्हणून घाई.

काय म्हणाले हे? ‘ती येईल, तिला सवय आहे’? असं म्हणाले? पॅकिंग खात्यात, चारचौघांत? वा! म्हणजे मला विचारायच्या आधीच मी कबूल. आणि सकाळी हाच माणूस पोरीच्या बुटाचे बंद बांधत म्हणत होता, आज मज्जा आहे बुवा एका मुलीची. पोरीला बोट देऊन झाली आणि साहेबांना बायको. — बबडे! खिडकीशी नको! किती वेळा सांगायचं, वाकायचं नाही तिथून. आत जा, बाहुल्या घेऊन बस. आई आलीच. काका निघालेच आहेत.

साध्या बोटी नाहीत, पायाने चालवायच्या आहेत. ऑपरेशनपासून हा माझा हात भरतो ना, जोर दिला की सुजून येतो, वल्हं मारणं जमायचं नाही — पायाला काही झालेलं नाही माझ्या. परवा मी एकटीच जाऊन बघून आले. जॅकेटं पोरांच्या मापाची आहेत का, बक्कल धड लागतं का, पाणी किती खोल. बोटवाला हसला, म्हणाला, बाई, तुम्ही बोट विकत घेताय का? हसू दे. एकुलती एक पोर आहे, मी बघणारच.

आता बरी झाल्यापासून मी कुठेकुठे फिरायला गेले ते सांगू तुम्हाला? ह्यांच्या मावसबहिणीकडे. मग तिच्या शेजारणीकडे. पोरीच्या शाळेतल्या बाईंच्या आईकडे. दूधवाल्याच्या सुनेकडे. वाण्याच्या मेहुणीकडे तर दोनदा, एकदा घरी, एकदा इस्पितळात. कुणाच्या छातीत गाठ निघाली की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा मला! आणि कुणाला बाळ झालं की? तेव्हा नाही हं फोन. समोरच्या दारात बाळ आलंय, रडलेलं इथे ऐकू येतं, मला अजून कुणी ‘ये बघायला’ म्हणालेलं नाही. जिन्यात दिसले की दुपटं पुढे ओढून घेतात. आजाऱ्याच्या खोलीत मी चालते, बाळाच्या नाही. काय पसरणार आहे माझ्यातून? का हो, तुम्ही शिकलेले आहात, सांगा की.

आणि तिथे जाऊन मी काय करायचं? उशाशी खुर्ची मांडलेली असतेच. मी बसले की घरातलं कुणीतरी सुरू करतं — बघ, ह्यांचे पण सगळे केस गेले होते, आता बघ केवढी वेणी येते! मग मी मान वळवायची, वेणी दाखवायची. मग म्हणायचं, काही होत नाही हो, माझ्याकडे बघा. दुकानाबाहेर कपडे घालून ती बाहुली उभी करतात ना, तशी मी. आणि ती अंथरुणातली बाई, तिचा डोळा वेणीवर नसतोच. ती बघते माझ्या कपड्यांकडे. कुठली बाजू, ते शोधत असते. मला कळतं. दूधवाल्याच्या सुनेनेही तसंच पाहिलं होतं. तिलाही मी म्हटलं, काही होत नाही. गेली ती. आता तिचा नवरा मला लांबून बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

असू दे, माझं जाऊ दे. पोरीला कुठे ठेवू मी? सासूबाई दिरांकडे, आई लांब. माझ्या बोटाला धरून तीही प्रत्येक घरी. तिला बिस्किट मिळतं, कोपऱ्यात बसते, शहाणी आहे, एक शब्द बोलत नाही. शाळेत बाईंनी विचारलं, सुटीत कोण कोण कुठे गेलं होतं? कुणी आजोळी, कुणी समुद्रावर. आमची ही उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही एका काकूंकडे गेलो होतो, त्या झोपूनच होत्या, पण त्यांच्याकडे क्रीमची बिस्किटं होती. सगळा वर्ग हसला. ही रडत आली घरी — हसले म्हणून नाही हो, तिला वाटलं तिने काकूंचं नाव चुकवलं. आत जाऊन तिच्या बाहुल्या बघा एकदा. सगळ्या आडव्या. सगळ्यांच्या डोक्याला माझे रुमाल. ही शेजारी बसते, त्यांचा हात हातात घेते, आणि माझ्याच आवाजात म्हणते, काही होत नाही हो, माझ्या आईकडे बघा. त्या दिवशी मी ठरवलं, हिला तलावावर न्यायचं. बस. आभाळ फाटलं तरी.

ते कळलं मला, तुमच्या मिसेस ऑपरेशनला नाही म्हणतायत. भिंतीकडे तोंड करून झोपतात, तुमच्याशीही बोलत नाहीत, तारीख जवळ आलीय, सगळं कळलं. मला दगड समजू नका. पण मी जाऊन काय करू? तुम्हाला वाटतं मी समजावीन. समजावून कुणी समजत नाही, साहेब. वाण्याच्या मेहुणीने शेवटी काय मागितलं माहितेय? दाखवा म्हणाली. कसं दिसतं नंतर, ते दाखवा. आणि मी दाखवलं. हुक काढले आणि दाखवलं, तिची जाऊ होती, नणंद होती, सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. एकीने तर बोट फिरवलं. पोर कोपऱ्यात बिस्किट खात होती. परक्या बायकांनी बघितलं, आणि माझ्या मिस्टरांनी अजून — घरात दिवा बंद केल्याशिवाय मी कपडे बदलत नाही, आणि तेही दिवा बंद होईपर्यंत बाहेर पेपर वाचत बसतात. तोच पेपर. सकाळी वाचलेला.

हे कशाला बोलले मी तुमच्यापुढे. ह्यांच्या कानावर घालू नका. घाला नाहीतर! तिला सवय आहे म्हणाले ना, मग त्यांनाही होऊ दे थोडी.

पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, आणि मग जा. तुमच्या मिसेस सुरीला घाबरत नाहीत. सुरी चालते तेव्हा आपण झोपेत असतो. तुम्ही बघाल का, एवढंच त्यांना कळत नाहीये. दिवा चालू असताना. तोंड न फिरवता. ते मला विचारून काय उपयोग, मी काय तुमच्या घरात राहते? आणि तुम्ही तिच्या उशाशी बसायचं सोडून माझा जिना चढून आलात. आता माझ्याकडे असं बघू नका, मला नाही दया येत. हात जोडू नका! साहेबांनी हात जोडले म्हणजे बाई विरघळली, असंच ना? गाडीत पोरीला पुढे बसवीन म्हणताय, येताना खाऊ घेऊन देईन म्हणताय. खाऊ सगळेच देतात. तिकडे ऊन उतरत चाललंय, आणि मी इथे—

काय गं? आत बस म्हटलं होतं ना तुला? हे काय, पाण्याची बाटली, माझी पर्स — कुणी सांगितलं आणायला? काकूंकडे नाही, तलावावर जातोय आपण. तलावावर. अगं ऐक तरी — बरं, काय विचारायचंय काकांना? विचार आणि हो आत.

…

ऐकलंत, साहेब? खाली बघू नका. उत्तर द्या की पोरीला. ती विचारतेय, तुमच्या घरच्या काकूंचे केस आहेत, का गेले?

राहू द्या, मीच सांगते. आहेत, बाळा. अजून आहेत.

उठा. नाही, एक शब्द नको. निघा आधी माझ्या घरातून.