सीताफळाच्या कारखान्याला पोरगं पाहिजे

चिटणीससाहेब, चहा घ्या आणि एक सांगा, धंद्यात भरवसा ठेवावा तरी कुणावर? परवाच्या बैठकीला तुम्ही नव्हता, म्हणून सांगतो.

बीडला आपला व्यापारी संघ जमला. जिल्ह्याचा विकास कसा करायचा आणि ऑनलाइनवाल्यांनी मोडलेला धंदा कसा सावरायचा, यावर सगळे तीन तास बोलले. बाहेरच्या कंपन्यांना शिव्या देऊन झाल्या, तसा मी उठलो.

"धारूरच्या डोंगरात दरसाल सीताफळ सडतंय. गर काढायचा कारखाना टाकू. जागा माझी, फुकट घ्या. चालवायला फक्त घरटी एक शिकलेलं पोरगं द्या."

टाळ्या पडल्या, बावीसच्या बावीस हात वर! मी लगेच वही उघडली. "हं, नावं सांगा."

जो तो मोबाइल चाळायला लागला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "माझा पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय हो."

खतवाला म्हणाला, "आमचा यायला तयार हाय, पण सून न्हाई म्हणती."

माझं डोकंच फिरलं. "मग हात कशाला वर केला रे?"

तो खतवाला माझा वर्गमित्र, लई बेरकी. हसत म्हणाला, "शेठ, तुझा कुठं हाय?"

माझा बेंगळुरूला. ज्या कंपनीला मी स्वतः अर्धा तास शिव्या घातल्या, तिच्यातच मॅनेजर.

आता इतिवृत्त तुम्ही लिहिणार. 'ठराव एकमताने मंजूर' असलं काही लिहू नका. हिशोब खरा ठेवा. हात बावीस, पोरं शून्य. त्या शून्यात माझंही धरा.