स्वहस्ते

— नाही, सही करायला माझी ना नाही, पण ही तिसरी ओळ कोणी घातली? तुम्ही? ‘कै. जयवंत कुडतरकर यांनी हे जर्मन हातमशीन स्वहस्ते दुरुस्त केले.’ स्वहस्ते! शब्द भारदस्त आहे हो, पाटीवर शोभेल. आणि त्याखाली मी, त्यांची बायको, मनोरमा जयवंत कुडतरकर, लिहून द्यायचं की होय, माझ्या डोळ्यांदेखत केलं. त्याशिवाय तुमचे ते नाशिकचे संग्रहालयवाले मशीन विकत घेणार नाहीत — असंच ना? बसा, सिद्धेश, बसा. त्या टेम्पोवाल्याला म्हणावं नाक्यावर चहा पिऊन ये, गोखिवऱ्यात टपऱ्यांना तोटा नाही. घाई कसली? मशीन कुठे पळून जातंय? ते शंभर वर्षांचं आहे, मी अडुसष्टची, दोघंही इथेच आहोत.

हे होते तेव्हा एकतीस होती. एकतीस मशीनं, दोन खोल्यांत! आता नऊ उरलीत म्हणून तुम्हाला घर दिसतंय तरी. पलंगाखाली मशीन, देव्हाऱ्याखाली मशीन, बाळंतपणाला आलेली लेक सुरुची — तिच्या उशाशी मशीन. हे पंपाच्या कारखान्यात फिटर, रिटायर झाले आणि सुटले. भंगारवाले यांना नावाने ओळखायचे. कुठे जुनं घर पाडतायत कळलं की हे हजर, पापडीला, जूचंद्रला, पार अर्नाळ्यापर्यंत. गंजलेला गोळा घरी आणायचे आणि मला म्हणायचे, बघ काय रूप आहे! रूप! मी म्हणायचे, अहो, घरातलं रूप कधी बघितलंत का? — हसायचे. हसण्यावारी नेण्यात हुशार होते. आणि मी? मी चौदा वर्षं इथल्याच गारमेंट युनिटमध्ये कॉलर लावल्या, दिवसाला दीडशे, दोनशे, मान मोडेपर्यंत. मशीन म्हटलं की मी तोंड फिरवायचे. त्यांना हौस आणि मला मजुरी — वस्तू तीच, बरं का! यांनी आणलेल्या मशीनला मी हात लावलेला चालायचा नाही. ‘तू कारखान्यातली, तुला फक्त पळवायचं माहीत,’ म्हणायचे. खोटं नव्हतं ते, पण लागायचं.

मग कंपवात आला. आधी उजवा हात, मग डावा. एकदा सकाळी बसले होते सुईत दोरा ओवत — मी स्वयंपाकघरातून बघत होते — एकदा, दोनदा, दहादा, दोरा काही जाईना. शेवटी दोरा तोंडात घालून ओला करायच्या निमित्ताने ओठ चावत बसले. मी गेले, हातातून घेतला, ओवला, परत आले. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, मनोरमा, जरा हा स्क्रू धर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जरा फिरव. आणि असं जरा जरा करत — कळतंय का मी काय सांगतेय? — दोन वर्षं, सिद्धेश! दोन वर्षं या खुर्चीत ते बसायचे, शाल पांघरून, हात शालीच्या आत, आणि खाली सतरंजीवर मी. ते सांगायचे, मी करायचे. जी मशीनं फेसबुकावर बघून तुम्ही सगळे वाहवा वाहवा करत होतात ना, काय जादू आहे काकांच्या हातात — ती शेवटची सात. तो हात हा. हा बघा, नखं बघा, अजून तेल जात नाही.

हे तुमचं हातमशीनच घ्या. पापडीच्या कॅथरिनबाईंचं. त्यांच्या आजेसासूचं होतं. वसईत पाणी भरलं त्या वर्षी तीन दिवस बुडून होतं, मग चार वर्षं पडवीत कोंबड्या बसायच्या त्यावर. कॅथरिनबाई म्हणाल्या, ‘मनोरमा, घेऊन जा गो, नायतर माझी सून टाकील समुद्रात.’ आणलं तेव्हा चाक म्हणजे दगड. जुनं तेल आत डिंकासारखं गोठलेलं. रोज सकाळी सांध्यासांध्यात तेल सोडायचं, केस सुकवायच्या यंत्राने गरम हवा द्यायची, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं, आणि चाकाला हात लावून बसायचं — जोर नाही करायचा, नुसतं सांगत राहायचं त्याला की हल बाबा. अकराव्या दिवशी हललं. किती? तांदळाच्या दाण्याएवढं. मी ओरडले, अहो, हललं! आणि ते खुर्चीतून उठले, सिद्धेश, पडता पडता उठले, आणि इथे खाली येऊन बसले माझ्याजवळ. ती सोनेरी वेलबुट्टी बघताय ना — रॉकेल लागलं असतं तर उठून आली असती सगळी — मशीनच्या तेलात मलमलीचा तुकडा बुडवून, दिवसाला एक फूल. जास्त नाही. चौतीस फुलं आहेत, मोजा हवी तर. खरं सांगू? लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण हा माणूस माझ्याशी बोलला तो त्या दोन वर्षांत. मला आवडत होतं हो ते. फार आवडत होतं.

मग सांगितलं का नाही कोणाला? — विचाराल तुम्ही, विचारायलाच हवं. मीच म्हटलं होतं, नका सांगू! पहिल्यांदा कोणीतरी फोटो मागितला तेव्हा यांनी स्वतःहून म्हटलं, लिहू का, की हे मनोरमाने केलं? मी म्हटलं, काही नको, लोकांना कळेल हात गेले म्हणून, कीव करत येतील दारात. नवऱ्याची लाज बायकोने नाही झाकायची तर कोणी? — झाकली. पण झाकता झाकता काय झालं, की यांनाच खरं वाटायला लागलं. पाहुणे यायचे तुमच्यासारखे, मी आत चहा टाकायचे, आणि बाहेर हे सांगतायत — ‘मी अकरा दिवस चाकाला हात लावून बसलो.’ मी! बसलो! चहात साखर जास्त पडायची माझ्या हातून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दुसऱ्याच्या घरात शिरतो तरी, इथे घरचाच होता.

आणि मग तो सत्कार. एका मंडळाने ठेवला होता, नाव नको. हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, मानपत्र. स्टेजवर मलाही बोलावलं, सौभाग्यवतींनी यावं, सौभाग्यवतींनी यावं. का तर नारळ धरायला! म्हणजे त्यांना वाटलं रीत म्हणून आल्या, पण मी धावले ते यांच्या हाताला नारळाचं ओझं पेलणार नाही, सगळ्यांसमोर थरथरेल म्हणून. अजूनही झाकतेच होते की! आणि नारळ हातात घेऊन मी उभी, आणि हे माईकवर — ‘लोक विचारतात, या वयात हात कसे चालतात? मी म्हणतो, ज्या हातांनी जन्मभर लोखंडावर माया केली, ते हात दगा देत नाहीत.’ टाळ्या. कडकडून टाळ्या! मग म्हणाले, ‘माझ्या पत्नीचीही मोलाची साथ, येणाऱ्या-जाणाऱ्याचं चहापाणी तिने कधी चुकवलं नाही.’ चहापाणी. मी नखं नारळाखाली लपवली, सिद्धेश. काळी होती ना. बायकांना वाटलं असतं, सत्काराला येताना हातही धुतले नाहीत.

काय म्हणालात? — माझं नाव लिहिता? पाटीवर? ‘मनोरमा कुडतरकर यांनी’... नाही, नाही, मी त्यासाठी नव्हते सांगत. म्हणजे त्यासाठीच सांगत होते, खोटं कशाला बोलू. सकाळपासून मनात तेच होतं की हा माणूस येईल, मी सांगेन, आणि तो म्हणेल, काकू, नाव तुमचंच लागलं पाहिजे. सुरुचीसुद्धा फोनवर म्हणाली, आई, तुझं नाव लाव. आणि आता तुम्ही म्हणताय तर — थांबा, लिहू नका. पेन खाली ठेवा जरा. मग तुम्हाला पुढचंही ऐकावं लागेल, अर्धवट ऐकून चांगुलपणा करू नका माझ्यावर.

यांचे हात गेले होते, पण कान होता. असा कान की विचारू नका! मी चाक फिरवायचे, हे डोळे मिटून ऐकायचे, आणि म्हणायचे, डावीकडे कोरडं आहे, तेल दे. डावीकडे बघावं तर खरंच कोरडं. तो कान होता म्हणून ते कामात होते, नाहीतर मी एकटी काय करणार होते? सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले. मी हे मशीन आडवं केलं. पोटात एक स्क्रू आहे, कुठला ते सांगत नाही. पाव फेरा ढिला केला. फक्त पाव. त्याने मशीन बिघडत नाही, टाके सरळच पडतात, फक्त चाकाच्या दर फेऱ्याला आतून एक खट्ट येतं. बारीक. मग हे बाहेर आले, म्हणाले, फिरव गं, उद्या कॅथरिनबाईंना दाखवायचंय. मी फिरवलं. ‘थांब. आवाज येतोय.’ मी म्हटलं, कसला? ‘खट्ट येतंय.’ मी म्हटलं, मला नाही येत.

एवढंच. एवढंच म्हणाले मी. मला नाही येत. एक दिवस छळायचं होतं हो, एक दिवस! हात दगा देत नाहीत म्हणाला होतात ना, बघा आता. संध्याकाळी स्क्रू परत पिळून टाकणार होते. पण संध्याकाळी त्यांनी पुन्हा फिरवायला लावलं, आणि पुन्हा म्हणाले येतोय, आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी कॅथरिनबाई आल्या. त्यांना नीट ऐकू येत नाही हे यांनाही ठाऊक होतं, तरी लहान पोरासारखं विचारलं, ‘बाई, तुम्हाला येतोय का आवाज?’ त्या म्हणाल्या, ‘नाय बा.’ माझ्याकडे बघितलं यांनी. मी चहा टाकायला उठले. डॉक्टरांकडे कान तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने ठीक. पण डॉक्टरपेक्षा माझ्यावर विश्वास जास्त! तीन दिवस, चार दिवस, आणि जितके दिवस जातील तितकं मला सांगणं कठीण. काय सांगणार? की मी केलं?

आठव्या दिवशी म्हणाले, ‘मनोरमा, कानही गेला गं. आता माझं यात काही राहिलं नाही. लोकांना आता खरं सांगून टाक, सगळं तूच केलंस म्हणून. तुझं नाव लाव. आधीच लावायला हवं होतं, चुकलंच माझं.’

ऐकलंत? दिलं होतं त्यांनी. नाव दिलं होतं! मी मागितलं नसताना, माझा हात हातात धरून, म्हणजे धरायचा प्रयत्न करून. आणि मला म्हणता आलं नाही की तुमचा कान शाबूत आहे. तोंड उघडलं होतं मी. ‘असू दे’ एवढंच निघालं. त्यानंतर त्यांनी एकाही मशीनचं चाक फिरवायला सांगितलं नाही. त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. चार महिन्यांनी गेले. कंपवाताने गेले, डॉक्टर म्हणाले. असेल.

आता लिहा ना माझं नाव. — का थांबलात? मघाशी तर म्हणत होतात, अन्याय झाला काकू तुमच्यावर. झालाच होता. तो काही खोटा नाही झाला. — द्या इकडे. ती ओळ आहे तशी असू दे, खोडू नका. ही घ्या, केली सही. स्पष्ट आहे ना?

स्क्रू? नाही, तो तसाच आहे. पंधरा महिने तसाच. मी त्याला हात लावलेला नाही, आणि या घरात असेपर्यंत तुम्हीही लावायचा नाही. नाशिकला नेऊन काय ते करा. पण एक करा माझ्यासाठी. चाक फिरवा. फिरवा हो, घाबरू नका, मऊ आहे. — येतोय ना? मान काय हलवताय, तोंडाने बोला. येतोय म्हणा. मला नको, मला माहीत आहे. त्या खोलीकडे तोंड करा आणि मोठ्याने म्हणा, काका, आवाज येतोय.

— म्हणा ना.

— बरं, राहू दे. बोलवा तुमच्या टेम्पोवाल्याला. उचलताना खालून धरायला सांगा, मुठीला धरून नको. आणि पुन्हा येऊ नका, बाकीची आठ विकायची नाहीत.