आयव्हीचं पत्र

नाही नाही, बसा ना, कुत्र्यालाही बसू दे, मी काही अख्खा बाक अडवणार नाही. तो? तो माझा नवरा, क्लिफ. टोपी हातात घेऊन थडग्यापाशी उभा आहे ना, तोच. अर्धा तास झाला. हाक मारू? नको. राहू दे त्याला.

याच गावचा हो तो. सात वर्षांचा होईपर्यंत इथेच, ओढ्याकाठच्या पांढऱ्या घरात. मग बाप वारला आणि आईनं त्याला लेस्टरला काकाकडे नेऊन सोडलं — ‘नाताळात न्यायला येते’ म्हणाली. आली? कुठली यायला! मग त्यानं तिचं नावच टाकलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला एकदा इकडे आणलं नाही. परवा डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, तेव्हा आपणहून म्हणाला, म्युरिएल, चल, एकदा शेतांतून चालत जाऊ. सकाळपासून नुसता हरखला होता — इथे ब्लॅकबेऱ्या खायचो, इथे गाय मागे लागली होती — कुंपण ओलांडताना मला हात काय दिला, गुडघे दोघांचेही गेलेत, पण ऐट बघायची!

आणि त्या घरापाशी शेजारची म्हातारी भेटली. बापाचे कान आहेत ना, त्यावरून ओळखलं तिनं. म्हणाली, ‘आयव्हीचा क्लिफ ना तू? फार उशीर केलास रे. शेवटचा उन्हाळाभर ती खिडकीत बसून होती. पत्र घातलंय, येईल तो, म्हणायची.’ क्लिफ म्हणाला, ‘मला कुठलंही पत्र आलं नाही.’ एवढंच. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं — का पाहिलं असेल? सहजच पाहिलं असेल.

टपाल हरवतं ना हो कधी कधी? हरवतं की. निळं पाकीट तर इतकं पातळ — बघा, निघालंच तोंडून. त्र्याऐंशी साल. आमची रूथ जाऊन तीन आठवडे झाले होते, चार वर्षांची होती. क्लिफ जेवत नव्हता, बोलत नव्हता, आणि या बाईला आत्ता मुलगा आठवला! मीच फोडलं. लिहिलं होतं — काकानं भेटू दिलं नाही, दोनदा दारातून परत गेले, आता दुखणं हाडात उतरलंय, एकदा तोंड दाखव. मी ते शेगडीत घातलं. त्याला जपायला — हो, त्याला जपायलाच. नाही. खरं सांगू? माझं लेकरू गेलं होतं, आणि तिचं जिवंत होतं, माझ्या घरात बसलेलं. मला ते तिला द्यावंसं वाटलं नाही.

मघाशी दगडावरचं साल वाचून मला म्हणाला, ‘तिनं मला टाकलं नव्हतं गं.’ आणि रडला — माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून! ‘तू आहेस म्हणून बरं,’ म्हणाला. आता हे ऐकून त्याचं हृदय... सांगायला हवं ना? तुम्ही असता तर — नको, बोलू नका. वळला बघा. येतोय. उठा तुम्ही, कुत्र्याला घ्या — काही नाही रे क्लिफ, या बाईंना बसची वेळ विचारत होते. ये, बस. डोळे पूस — जा ना हो तुम्ही!