सगळ्यात संथ वासिली

युकॉन नदीकाठच्या त्या गावच्या पोस्टात पाउला पार्सलं तोलत होती. खिडकीशी नास्तासिया आजी होती, मागे तिची मैत्रीण लूसी.

"काय गं, नवंकोरं पुस्तक परत पाठवतेस?" लूसीनं विचारलं.

"मला घरात नको ते. कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीचे विक्रम म्हणे. माझ्या भावाचं नाव घातलंय, सगळ्यात संथ. एकवीस दिवस."

"शेवटचाच आला होता ना वासिली? शेवटच्या गाडीसाठी कंदील जळत ठेवतात, तो त्यानंच विझवला. मी होते तिथं."

"शेवटचाच आला. पण का आला? पुढचा गाडीवाला बर्फ फुटून नदीत पडला. वासिलीनं त्याला ओढून काढला, स्वतःचे कोरडे मोजे त्याला चढवले, दोन दिवस शेकोटीपाशी सांभाळला. वर म्हणाला, तू हो पुढे, कंदील मी विझवतो."

"मग तसं लिहायचं की."

"लिहिलंय ना. 'वाटेत दोन दिवस विश्रांती.'"

"विश्रांती? गारठ्यानं पायाची तीन बोटं गेली त्याची."

"ती नाहीत पुस्तकात."

"लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? कोण आहे तो?"

"तोच. नदीत पडलेला."

पाउलानं पेन उचललं.

"आजी, आत काय आहे म्हणून लिहू?"

"पुस्तक. आणि लोकरीचे मोजे."

"मोजे कुणाला?"

"त्यालाच. मागचा जोड विरला असेल आता."